सव्वीस आट्यांचा फेरा

माझ्याकडे सायकल नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जुन्या सायकलींचे दुर्मीळ सुटे भाग जमवणाऱ्या माणसाकडे निदान एक तरी सायकल असणार, असा लोकांचा समज असतो आणि घरी आलेले पाहुणे ती शोधूही लागतात. माझ्याकडे सहा सीटा, अकरा घंट्या, रॉकेलचे दोन दिवे आणि सायकलींवर वार्षिक कर होता त्या काळातले मूठभर बिल्ले आहेत. मात्र ज्यावर बसून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाता येईल, असे काहीही नाही.

पुण्यात हा नाद लागायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे जी वस्तू हवी तिच्याकडे पाहायचे नाही, हे पहिले पथ्य. शेजारची मोडकी इस्त्री उचलावी, तिची किंमत विचारून नाक मुरडावे आणि निघता निघता, अगदी सहज सुचल्यासारखे, ‘आणि हे काय आहे?’ असे म्हणावे. बारा वर्षे मी हे नाटक इमानेइतबारे करीत आलो आणि त्यापायी घरात चार इस्त्र्या जमल्या. पाचव्या वेळी विक्रेताच म्हणाला, “साहेब, इस्त्री राहू द्या. तुमचा हब मी बाजूला काढून ठेवलाय.”

तो हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्याचा, तीन गिअरचा, ‘ए. डब्ल्यू.’ जातीचा होता. १९३६ साली आलेल्या या हबचे सगळे दाते त्याच्या पोटात असतात. पहिल्या गिअरमध्ये चाक साखळीच्या चक्रीपेक्षा पाव हिश्शाने मंद फिरते, तिसऱ्यात एक तृतीयांशाने जलद. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये मात्र एक अशी जागा आहे की गिअर बदलणाऱ्या तारेचा ताण जरा चुकला, तर पायडल नुसतेच हवेत फिरते. एका मित्राच्या सायकलला हा हब बसवून आम्ही चढावर चाचणी घेतली, तेव्हा उभा राहून पायडल मारीत असताना ती जागा मित्राला सापडली आणि तो थेट दांडीवर आला. हल्ली तो माझ्याशी बोलतो, पण तुटक बोलतो.

या हबवर घडणावळीचे वर्ष आणि महिना कोरलेला असतो. माझ्या हबवर ५६ आणि ३ हे आकडे आहेत, म्हणजे मार्च १९५६. मी हे कौतुकाने आईला दाखवले, तेव्हा तिने चष्मा लावून तो सगळीकडून निरखला आणि विचारले, “वेळ नाही का दिलेली? पत्रिका तरी मांडता आली असती.”

त्याच कारखान्याचा डायनोहबही माझ्याकडे आहे. हा पुढच्या चाकाच्या मधोमध बसून वीज करतो. त्यातले चुंबकाचे कडे लोखंडी कड्याचा आधार दिल्याशिवाय आतल्या वेटोळ्यावरून काढायचे नसते, नाहीतर त्याचे बळ ओसरते. हे ज्ञान मला ते कडे काढून, रॉकेलने स्वच्छ धुऊन, गॅलरीत फडक्यावर वाळत घातल्यानंतर झाले. आता चाक कितीही गरगरवले तरी दिवा काजव्याच्या वर जात नाही.

पण खरी परीक्षा घेतली ती रॅले या ब्रिटिश कंपनीच्या सायकलच्या सांगाड्याने. दोन वर्षांपूर्वी तो एका पाडायला काढलेल्या वाड्यात मिळाला आणि आयुष्यात एकदा तरी अख्खी सायकल उभी करावी, अशी दुर्बुद्धी मला झाली. कमी होती ती एकच वस्तू, पायडलच्या ॲक्सलची उजवीकडची वाटी. बाकीच्या बहुतेक ब्रिटिश घाटाच्या सायकलींनी या वाटीला इंचाला २४ आटे मान्य केले असताना रॅलेने आपले २६ धरून ठेवले होते. व्यास मात्र दोन्हींचा एकच, एक इंच आणि तीन अष्टमांश. त्यामुळे बाजारात मिळणारी वाटी पहिला दीड फेरा मोठ्या लाघवाने आत जाते, सासरी नांदणारच असे वाटू लागते आणि तेवढ्यात ती अडून बसते. त्यातून उजव्या बाजूचे आटे उलटे असल्यामुळे आपण ती आवळतो आहोत की सोडवतो आहोत, हेही घामाघूम झाल्यावर उमगेनासे होते. मी सात वाट्या आणल्या आणि सातही दीड फेऱ्यावर रुसल्या. त्यांत लोणचे वाढावे असे बायकोने सुचवले, पण तळाला भोक असल्यामुळे तेही जमले नाही.

सव्वीस आट्यांची वाटी शेवटी दिसली ती घरापासून दोन गल्ल्यांवर, पंक्चर काढणाऱ्या मामांच्या टपरीत. गणपतीच्या तसबिरीपुढच्या फळीवर ती तांदळाने भरून ठेवलेली होती आणि तांदळात दोन उदबत्त्या खोचलेल्या होत्या. आटे मोजण्याचे गेज माझ्या खिशात असतेच. मी देवाला नमस्कार करण्याच्या मिषाने वाकलो, गेज लावले आणि सव्वीस भरले. हात थरथरल्यामुळे थोडी राख बोटांवर पडली.

“मामा, या वाटीचे काय घ्याल?”

“ती देवाची आहे,” मामा पंक्चर घासता घासता म्हणाले. “तुम्हाला वाटीच हवी ना? डबाभर पडल्यात.” त्यांनी डबा पुढे सरकवला. सगळ्या चोवीसच्या होत्या.

तेव्हापासून मी दर मंगळवारी तिथे उदबत्तीचा पुडा घेऊन जातो आणि आई शेजारीपाजारी माझ्या भक्तीची वाखाणणी करते. गेल्या महिन्यात तुळशीबागेतून पितळेचे एक सुरेख उदबत्तीचे घर आणून मी मामांच्या हाती दिले आणि देवापुढे हेच शोभेल, असे आडून आडून सुचवले. मामांना ते फार आवडले. ते त्यात छर्रे ठेवतात.