डबल काचेतलं धुकं आणि २०० रुपयांचा उपाय

‘डबल काचेत धुकं? काच बदलू नका! कोपऱ्यात ४ मिमीची दोन भोकं पाडा, सिरिंजने स्पिरिट सोडा, हेअर ड्रायर मारा, सिलिकॉनने बुजवा. खर्च २०० रुपये.’ हा मेसेज फिरत फिरत मावशीकडे पोचलाय आणि तिने शनिवारी ड्रिलवाल्याला बोलावलंय. म्हणून हा खटाटोप.

आधी ती भोकं. बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच बहुधा टफन असते. कोपऱ्यातला बारीक शिक्का बघा. भट्टीत तापवून झटकन थंड केल्यामुळे तिचा वरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली असतो. बिट त्या ताणात घुसलं की भोक पडत नाही, अख्ख्या काचेचा चुरा होतो. टफन काचेचं युरोपीय मानक ईएन १२१५० हेच सांगतं: टफन केल्यावर कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, कडाही घासायच्या नाहीत. दहाव्या मजल्यावरून तो चुरा कुणाच्या डोक्यावर पडणार, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही.

साध्या काचेला डायमंड बिटने, पाणी सोडत, भोक पडतं, हे कबूल. कॅनडात असं भोक पाडून छोटी झडप बसवणारेही आहेत. पण बिघाड तिथे नसतोच. दोन काचांमधल्या ॲल्युमिनियमच्या स्पेसरमध्ये, म्हणजे कडेने फिरणाऱ्या पोकळ पट्टीत, ओल शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे दाणे असतात. ते वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतात. धुकं दिसलं म्हणजे कडेचं सील गेलंय आणि दाणे तुडुंब झालेत. ते कोरडे करायला २०० अंशांच्या वर उष्णता लागते. हेअर ड्रायरने केस वाळवा.

बंद पोकळीत स्पिरिटची वाफ आणि वर गरम हवा, यावर काय बोलावं! सिलिकॉन पाणी अडवतं, वाफ नाही. काचेवर पांढरे डाग पडले असतील तर ओलीने काचच खाल्लीय. ते पुसून जात नाहीत.

आणि बाहेरून बोट फिरवल्यावर धुकं पुसलं गेलं, तर काही बिघडलेलंच नाही. पावसाळ्यात एसी चालू असला की बाहेरच्या अंगाला दव धरतं.

‘पूर्ण खिडकीच बदला’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. फ्रेम तशीच ठेवून फक्त डीजीयू, म्हणजे दोन काचांचा सीलबंद जोड, बदलता येतो. लांब बाजूची बीडिंग (काच फ्रेममध्ये धरणारी पट्टी) मधून पुट्टी पट्टीने आधी सोडवा. जाडी व्हर्नियरने मोजा. ६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच म्हणजे २४. नवा डीजीयू चारही बाजूंना ४-५ मिमी मोकळा राहील एवढा मागवा आणि तळाला पॅकिंगवर टेकवा. बीडिंग लावण्याआधी फ्रेमच्या तळाची निचऱ्याची भोकं साफ करा. ती तुंबून सीलची कड पाण्यात बसली, तर नवा डीजीयूही धुकं धरेल.