कॉफीची बाटली, मूठभर तांदूळ आणि आमची आत्या

परवा डिचोलीला आत्याकडे गेले होते, चवथीच्या आधी एकदा डोकावून यावं म्हणून. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला तर दरवाजाच्या कप्प्यात कॉफीची जुनी बाटली, अर्धी उकड्या तांदळांनी भरलेली, आणि त्या तांदळात रुतून बसलेल्या गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळट, दोन कॅप्सूल. खिरीत बेदाणे दिसतात ना, तशा.

"हे काय गो आत्या?"

"गोळ्या माझ्या. पाकिटात ओल धरतात म्हणे पावसात. तुला नाही आला तो मेसेज? सगळ्यांना आलाय."

आला होता. तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता पुसून टाकला होता, तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. आता बोलते. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी, मेसेज साधारण असा: पावसाळ्यात औषधं दमटपणानं निकामी होतात; म्हणून सगळ्या गोळ्या पाकिटातून काढा, कारण पाकिटाचं ॲल्युमिनियम औषधात उतरतं; कुठल्याही हवाबंद डब्यात तांदूळ घालून त्यात ठेवा; डबा फ्रिजमध्ये ठेवा; ओलसर झालेल्या गोळ्या उन्हात वाळवून घ्या; असं केलं की एक्सपायरीनंतरही दोन वर्षं चालतात, अमेरिकन मिलिटरीनं सिद्ध केलंय. खाली हात जोडलेले, आणि ‘आपल्या आईवडिलांसाठी शेअर करा’. त्या शेवटच्या ओळीचाच मला जास्त राग आलाय.

पहिलं वाक्य बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकते. गोव्यात जुलैत हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास दमट असते, चपलांना बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो, तर गोळीला काही होणार नाही असं कोण म्हणेल. ॲस्पिरिनला पाणी लागलं की तिचं हळूहळू सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड होतं, ॲसेटिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिनेगर. आत्याची बाटली उघडली तेव्हा तोच आंबूस वास आला मला. तीन आठवड्यांत. पाकिटात असती तर आला नसता.

आता मुख्य मुद्दा, पाकिटातून काढा. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मला एकदा वेर्ण्याला घेऊन जायचंय. तिथल्या एका औषध कंपनीत मी ९ वर्षं स्टॅबिलिटी विभागात, म्हणजे औषध किती दिवस टिकतं ते तपासण्यात, काढली. तिथं खोलीएवढाली कपाटं असतात, आम्ही चेंबर म्हणतो, आत ४० अंश तापमान आणि ७५ टक्के दमटपणा, रात्रंदिवस, ६ महिने. औषध बाजारात यायच्या आधी त्यातून जावं लागतं, शिवाय कमी तापमानाची लांब मुदतीची टेस्ट वेगळीच चालू असते. आणि त्या चेंबरमध्ये काय ठेवतात? नुसती गोळी नाही. गोळी ज्या स्ट्रिपमध्ये किंवा बाटलीत तुम्हाला विकणार, त्याच स्ट्रिपमध्ये, त्याच बाटलीत. हा नियम आंतरराष्ट्रीय आहे, आयसीएच म्हणून औषधांचे नियम ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या स्टॅबिलिटीच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे. उघडी गोळी आम्ही ठेवायचो तीही, पण ती किती लवकर बिघडते हे बघायला! म्हणजे स्ट्रिपवर छापलेली तारीख ही त्या स्ट्रिपमधल्या गोळीची तारीख आहे. तुम्ही गोळी बाहेर काढली की ती तारीख तिला लागूच होत नाही. फोडलेली गोळी किती दिवस टिकेल याची हमी कुणी दिलेली नसते, तुमच्या कॉफीच्या बाटलीत तर नाहीच नाही.

तुम्ही जो हवाबंद डबा शोधताय तो फार्मसीवाल्यानं तुम्हाला आधीच दिलाय, प्रत्येक गोळीला वेगळा. एक फोडली तरी बाकीच्या नऊ बंदच राहतात. बरणीत मात्र एक काढायला झाकण उघडलं की सगळ्यांनाच वारा लागतो.

काही गोळ्या तर अशा आहेत की स्ट्रिपबाहेर काढून ठेवणं म्हणजे फेकणंच. फिट्ससाठी देतात ती सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतलं पाणी इतकं ओढते की चिकट होते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली अँटिबायोटिक बघा, स्ट्रिपवर अजून एक फॉइलचं पाकीट असतं ते काय शोभेसाठी नाही. रक्त पातळ ठेवायची डॅबिगॅट्रान तर पिलबॉक्समध्येसुद्धा घालू नका, मूळ पॅकमध्येच ठेवा, असं कंपनीच लिहून देते. थायरॉइडची गोळी बऱ्याचदा शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येते, तीसुद्धा मेसेज वाचून आत्यानं तांदळात ओतली होती. चांगली घट्ट झाकणाची बाटली रिकामी करून सैल झाकणाच्या बाटलीत!

आणि ॲल्युमिनियम उतरतं म्हणे. अहो, फॉइलच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा किंवा लॅकरचा (वॉर्निशसारखा) थर असतो, गोळी धातूला टेकतच नाही. पुढे.

नाही, पुढे जायच्या आधी एक गोष्ट, कारण ती मला झोपू देत नाहीये. आत्याला बीपी आहे, थायरॉइड आहे, आणि हृदयाच्या डॉक्टरनं जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिलीय, छातीत दुखलं तर लगेच. या तिन्हींच्या गोळ्या लहान, पांढऱ्या, गोल. मी विचारलं, आत्या, यातली जिभेखालची कुठली? तिनं चष्मा लावून तीन उचलल्या, उजेडात धरल्या, एक परत ठेवली, आणि म्हणाली, "ही असेल." असेल! आता हेच रात्री अडीच वाजता, पाऊस, वीज गेलेली, हात थरथरतायत, असं डोळ्यांसमोर आणा. मधे दोन दिवस तिला गरगरत होतं म्हणाली. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, पण नाही असंही मला कुणी सांगू शकणार नाही, कारण तिनं त्या दोन दिवसांत काय खाल्लं ते तिलाच माहीत नाही. स्ट्रिपवर नाव असतं, ताकद असते, बॅच असते, तारीख असते. ओल एकवेळ परवडली.

तांदूळ. मिठाच्या डबीत आपण तांदळाचे दाणे घालतो म्हणून ही कल्पना आली असणार, तिथं थोडंफार काम होतं म्हणून कुणाला शंका येत नाही. तांदळात स्वतःचंच १२ ते १४ टक्के पाणी असतं. पावसाळ्यात घरात ठेवलेला तांदूळ आसपासची हवा ६५-७० टक्क्यांपर्यंत आणून थांबतो, त्याच्यापुढे त्याची ताकद नाही. वर त्याची पिठी गोळ्यांना लागते, आणि पोरकिडे झाले की मग तर आनंदच.

सिलिका जेल चालतं, पण त्याचाही हिशेब करा. एक लिटरच्या डब्यातल्या २८ अंशाच्या, नव्वद टक्के दमट हवेत साधारण २५ मिलिग्रॅम पाणी असतं. दिवसातून तीनदा डबा उघडला आणि दर वेळी निम्मी हवा बदलली तरी रोज ३५-४० मिलिग्रॅम आत गेलं. १ ग्रॅमची पुडी फार तर ३०० मिलिग्रॅम धरणार. म्हणजे आठवड्याभरात तिचं पोट भरलं, आणि लोक बुटांच्या खोक्यातली पुडी तीन वर्षं त्याच डब्यात ठेवतात. निळे मणीवालं जेल औषधाजवळ नको, त्या निळ्यात कोबाल्ट असतं. आणि पुडी सुटी ठेवू नका, म्हातारी माणसं ओआरएस समजून फोडतात.

फार कोरडंही नको बरं का. जिलेटिनच्या कॅप्सूलच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असावंच लागतं, ते गेलं की कवच तडकतं. म्हणून ढीगभर सिलिकात पुरून ठेवू नका.

‘कुठलाही हवाबंद डबा’ म्हणजे काय ते मेसेजवाल्यानं सांगितलंच नाही. साधा स्टीलचा डबा हवाबंद नसतो, कितीही दाबून लावा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा नाही. झिपची पिशवी थोडे दिवस. झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची रिंग आणि चारी बाजूंनी क्लिप, असा हवा, आणि शक्य तितका लहान, कारण मोठा डबा म्हणजे आत जास्त हवा. दुकानदाराचं ऐकू नका, घरी आणून त्यात भाजलेला पापड ठेवा. दोन दिवसांनी कुरकुरीत राहिला तर डबा चांगला, वातड झाला तर त्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, मिरची भरा आणि दुसरा आणा. पापड मात्र नंतर काढा, नाहीतर आत्याच्या गोळ्यांना हिंगाचा वास.

फ्रिज: इन्सुलिन, काही डोळ्यांचे ड्रॉप्स, डॉक्टरनं किंवा लेबलनं सांगितलेलं, तेवढंच. बाकी गोळ्यांना तो त्रासच. २८ अंश आणि नव्वद टक्के दमटपणात २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव बसतं. फ्रिजमधली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की गोल डाग पडतो ना, तेच पाणी बाटली उघडल्यावर गोळीवर. आत्या दिवसातून तीनदा उघडत होती.

उन्हात वाळवणं यावर मी काय बोलू. गोळी म्हणजे सुका बांगडा नाही. फुगलेली, डाग पडलेली, वास येणारी गोळी टाकायची.

अमेरिकन मिलिटरीचं मात्र अर्धं खरं आहे, मला नाइलाजानं सांगावं लागतंय. १९८६ पासून त्यांच्याकडे साठ्यातली औषधं एफडीएकडून, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रकाकडून, तपासून मुदत वाढवायचा कार्यक्रम आहे, आणि २००६ साली त्याचे आकडे छापून आले: १२२ औषधं, ३,००५ बॅचेस, त्यातल्या ८८ टक्के बॅचेसची मुदत किमान वर्षभर वाढवता आली. पण तो साठा कुठे होता? मूळ, न फोडलेल्या पॅकमध्ये, तापमान सांभाळलेल्या गोदामात. बॅचेसची परत परत तपासणी करून मग मुदत दिलेली. म्हणजे मेसेजवाल्यानं जो पुरावा आणला तोच पाकीट फोडू नका म्हणून सांगतोय.

मग त्या दिवशी काय केलं, तर डिचोलीच्या बाजारात जाऊन प्रिस्क्रिप्शनवर सगळ्या नवीन स्ट्रिपा आणल्या, डॉक्टरना फोन करून गरगरल्याचं सांगितलं, छोटा क्लिपवाला डबा घेतला, स्ट्रिपा त्यात उभ्या, थायरॉइडची बाटली तशीच अख्खी. सॉर्बिट्रेटची स्ट्रिप वेगळी, उशाशी, टॉर्चला रबरबँडनं बांधून. डबा स्वयंपाकघरात नाही, फ्रिजच्या डोक्यावर नाही (तिथं गरम असतं), न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नाही, माजघरातल्या कपाटात. स्ट्रिप कापायची नाही, आणि कापलीच तर तारखेची बाजू शेवटी संपवायची. जुन्या गोळ्या मी पिशवीत घालून घेऊन आले.

आत्या सगळं ऐकून घेत होती. मी चप्पल घालत होते तेव्हा आतून विचारलं, "आणि हे तांदूळ गो? पेज करू?"

नको म्हटलं. कोंबड्यांना पण नको. तर म्हणे, पाव किलो आहेत.