ऑफलाइन म्हणे!

प्रिंटर डोळ्यांसमोर बसलाय. दिवा लागलाय, वायफायला जोडलेला आहे. आणि लॅपटॉप म्हणतो, ‘ऑफलाइन’. अरे, मग हा समोर कोण बसलाय?

राउटर जरा बंद-चालू झाला की या महाशयांना नवा आयपी पत्ता मिळतो, आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. घर बदललेल्या भाडेकरूसारखी तऱ्हा! बरं, नवा राउटर आणावा, तर साहेबांना वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतो, ५ चा दिसतच नाही. आणि पासवर्ड? तो त्या बोटभर पडद्यावर बाणाची बटणं दाबत एकेक अक्षर शोधून टाकायचा. कॅपिटलसाठी वेगळी कसरत. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून!

अडकलेलं काम रद्द करायला जावं, तर ‘डिलीटिंग’ असं लिहून ते तिथेच ठाण मांडून. मग प्रिंट स्पूलर, म्हणजे लॅपटॉपमधला प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम, बंद करा, पुन्हा चालू करा. एका पानाच्या अर्जासाठी मी नेटवर्क इंजिनिअर का व्हायचं?

आणि जोडला गेलाच एकदाचा, तर मघापासून वैतागून दिलेल्या सगळ्या प्रिंट धडाधड बाहेर. तेच पान, तेच पान, तेच पान! वर काळ्या-पांढऱ्या अर्जाला म्हणतो, निळी शाई संपली.