कानबान बोर्डावरून तारीख सांगता येत नाही, हा समज चुकीचा आहे

कानबान बोर्डावर प्रत्येक कामाचे एक कार्ड असते आणि काम पुढे जाईल तसे ते एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकते. या पद्धतीबद्दल प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: कानबान म्हणजे ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने, त्यापलीकडे काही नाही, ही मुळात कारखान्याची पद्धत, बौद्धिक कामाला ती लागू पडत नाही, एका वेळी चालू असणाऱ्या कामांच्या संख्येवर मर्यादा घातली की माणसे रिकामी बसतात, आणि काम कधी संपेल हे या पद्धतीत सांगताच येत नाही. हे वाचून अनेक टीम ही पद्धत नीट वापरून न पाहताच सोडून देतात, म्हणून यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तीन रकान्यांबद्दलची तक्रार निम्मी खरी आहे. बहुतेक बोर्ड तसेच असतात आणि त्यांचा उपयोगही बेताचाच होतो, कारण ‘चालू’ या एका रकान्यात प्रत्यक्ष हाताळले जाणारे काम आणि कोणाच्या तरी उत्तरासाठी खोळंबलेले काम एकत्र दडते. लेखन, तपासणी, मंजुरी असे टप्पे वेगळे केले आणि प्रत्येक टप्प्यात ‘सुरू’ व ‘पुढे नेण्यास तयार’ असे दोन भाग पाडले की खोळंबा नेमका कोठे आहे ते दिसू लागते. तीन रकाने ही सुरुवात आहे. तिलाच संपूर्ण पद्धत मानणे योग्य नाही.

कारखान्याचा मुद्दा इतिहासापुरता बरोबर आहे. टोयोटामध्ये ताईची ओनो यांनी ही व्यवस्था घडवली. तेथे सुट्या भागांच्या पेट्यांबरोबर कार्डे फिरत आणि फिरणाऱ्या कार्डांची संख्याच किती माल तयार व्हावा यावर आपोआप बंधन घालत असे. परंतु 2004 मध्ये डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल टीमबरोबर हेच तत्त्व सॉफ्टवेअरच्या कामाला लावले. त्या टीमचा बराच वेळ येणाऱ्या मागण्यांना किती वेळ लागेल याचे अंदाज बांधण्यात जात होता आणि त्यांपैकी अनेक मागण्या पुढे हाती घेतल्याच जात नव्हत्या. अंदाज थांबवले, हातातल्या कामांवर मर्यादा आणली आणि तुंबलेले काम मार्गी लागले.

खरा वाद मर्यादेचा आहे. आक्षेप घेणारे असे गृहीत धरतात की प्रत्येक माणूस सतत गुंतलेला असला म्हणजे काम वेगाने पुढे सरकते. रांगांचे गणित याच्या अगदी उलट सांगते. काम करणारा माणूस एकच, कामे अनियमितपणे येणारी आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त, अशा सर्वांत साध्या प्रारूपात तो माणूस 80 टक्के वेळ व्यग्र असेल, तर कामाला प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळाच्या सरासरी 4 पट वेळ रांगेत जातो. 90 टक्क्यांना तो 9 पट होतो आणि 95 टक्क्यांना 19 पट. माणसाला पूर्ण भरून टाकण्याच्या हट्टाची किंमत ताटकळणारे काम मोजते, आणि हा ताटकळण्याचा वेळ कोणाच्याही वेळपत्रकात दिसत नाही.

शिवाय मर्यादा गाठली म्हणून कोणी हात बांधून बसावे, अशी अपेक्षाच नसते. तपासणीच्या रकान्याची मर्यादा 3 आहे आणि तिन्ही जागा भरल्या आहेत, अशी कल्पना करा. एका सहकाऱ्याचे लेखन पूर्ण झाले, पण कार्ड पुढे सरकवायला जागा नाही. तो बोर्डाजवळ येतो आणि तपासणीतील कार्डे पाहतो. रोज एक याप्रमाणे एका कार्डावर 9 ठिपके पडलेले आहेत आणि कोपऱ्यात लाल खूण आहे: ग्राहकाचे उत्तर आलेले नाही. मर्यादा नसती तर त्याने निमूटपणे नवे कार्ड उचलले असते. आता तो ग्राहकाला फोन करतो किंवा दुसऱ्या कार्डाच्या तपासणीला हातभार लावतो. मर्यादा ही या संभाषणासाठीच असते. ती अडचणीची वाटू लागताच वाढवली, तर अडचण जागच्या जागी राहते.

तारखेचा आक्षेप तर मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार सरासरी लागणारा काळ म्हणजे हातातल्या कामांची सरासरी संख्या भागिले ठरावीक काळात पूर्ण होणाऱ्या कामांची सरासरी. हातात 20 कामे असतील आणि आठवड्याला 5 पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी 4 आठवडे लागतात. पूर्ण होण्याचा वेग तोच राखून हातातली कामे 10 वर आणली, तर 2 आठवडे. अट एवढीच की कामे ज्या वेगाने येतात साधारण त्याच वेगाने ती संपली पाहिजेत, आणि मर्यादा नेमके तेच साधते. मर्यादा न पाळता तारीख मिळत नाही म्हणणे म्हणजे पाया न घालता भिंत उभी राहत नाही म्हणण्यासारखे आहे.

सरासरीवर वचन देऊ नये, हेही खरे. त्यासाठी प्रत्येक कार्डावर सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख लिहावी. समजा 40 कामे पूर्ण झाली. त्यांना लागलेले दिवस चढत्या क्रमाने मांडले आणि 34 वा आकडा 12 निघाला. मग ‘अशा प्रकारचे काम 12 दिवसांत होण्याची शक्यता सुमारे 85 टक्के आहे’ असे ग्राहकाला सांगता येते, आणि त्यामागे स्वतःच्या कामाची नोंद उभी असते. करारातील तारीख पक्की असेल, तर त्या तारखेपासून हेच 12 दिवस मागे मोजून कार्ड केव्हा हाती घ्यायचे ते ठरवता येते.

मात्र एका ठिकाणी आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे. एक काम संपल्याशिवाय दुसरे सुरूच होऊ शकत नाही, अशा साखळीने बांधलेल्या मोठ्या प्रकल्पात कार्डांचा क्रम बोर्ड आपणहून सांगत नाही. तेथे अवलंबित्वाचा स्वतंत्र आराखडा बोर्डाच्या जोडीला ठेवावा लागतो, आणि पुढचे कार्ड निवडताना दर वेळी तो पाहावा लागतो.