मोल्दावांका, लालबाग आणि समाजाची अब्रू

ठाण्याला आमच्या काकांच्या वाचनकट्ट्याने ठरवलं, की रशियन भाषेत लिहिणाऱ्या इसाक बाबेलच्या ‘ओदेसाच्या कथा’ चर्चेला घ्यायच्या नाहीत. म्हणे, त्यात गुंडांचं उदात्तीकरण आहे, शिवाय ज्यू लेखकाने ज्यूंचेच गुंड रंगवून स्वतःच्या समाजाची बदनामी केली आहे. काकांनी फोनवर हे सांगितल्यापासून माझं डोकं फिरलंय.

बदनामी? १९०५ साली ओदेसात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, ज्यूंच्या कत्तली झाल्या. त्याच बंदराच्या शहरात, मोल्दावांका नावाच्या गरीब वस्तीत बाबेल १८९४ला जन्मला. त्याच्या कथांमधला ज्यू गुंडांचा म्होरक्या बेन्या क्रीक बहिणीच्या लग्नाची पंगत चालू असताना पोलीस ठाणंच पेटवून देतो. कायम मार खाणाऱ्या लोकांना हे वाचून काय वाटलं असेल, हा प्रश्न कट्ट्यावर कुणालाच पडला नाही.

आणि उदात्तीकरण म्हणाल, तर ‘ओदेसात हे कसं घडायचं’ ही कथा वाचा. दरोड्यात बेन्याचा दारू प्यायलेला साथीदार साव्का गोळी झाडतो आणि मुगिनश्टाइन नावाचा साधा कारकून हकनाक जातो. एकुलता एक मुलगा. बेन्या त्या कारकुनाच्या मालकाशी घासाघीस करून त्याच्या आईसाठी पाच हजार रोख आणि महिना पन्नास रुबल मिळवतो, शहराने कधी पाहिली नसेल अशी अंत्ययात्रा काढतो. त्याच दिवशी साव्कालाही पुरतात. आपण थक्क होऊन बघत राहतो, पण त्या आईचा मुलगा काही परत येत नाही. बाबेल हे विसरू देत नाही. अशा माणसाला स्टॅलिनच्या राजवटीने १९४०मध्ये गोळी घातली आणि १९५४ला निर्दोष ठरवलं!

इथे ब्रुकलिनमध्ये माझ्या बिल्डिंगमध्ये ओदेसाच्या एक आजी आहेत. लाँड्री रूममध्ये चादरींच्या घड्या घालताना बेन्याची वाक्यं धडाधड म्हणतात. त्यांच्या घरची माणसं ओदेसातल्या ज्यूंच्या १९४१च्या हत्याकांडात गेली. त्यांना बाबेलचा अभिमान आहे, आणि ठाण्यात बसून आपण त्यांच्या अब्रूची काळजी करतोय.

खरं तर काळजी आपल्याच अब्रूची आहे. मी लालबागचा. १९८२च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीतल्या घराघरात चुली थंडावल्या, काही पोरं टोळ्यांत गेली. ज्याने मला सायकल शिकवली तो एन्काउंटरमध्ये मेला. इथे ब्रुकलिनच्या मंडळाच्या गणपतीत त्याच्याबद्दल बोलायची सोय नाही. तिथे सगळे कॉलेज, कंपनी आणि मुलांच्या ॲडमिशनवर बोलतात. घरी फोनवर त्याचं नाव काढलं की काका हवापाण्यावर येतात. म्हणजे ज्या लालबागचा मी आहे, ते दोन्हीकडे वर्ज्य.

बाबेल वाचताना मात्र तो मला भेटतो. तसाच गळ्याला रुमाल, तशीच मोठमोठी बोलणी, आणि दारात उभी त्याची आई. आपल्यातलं कुणी त्याच्यावर असं लिहायला बसलं, तर त्याला बदनामीची भीती घालू नका, काका.