आंब्यावरचं बांडगूळ उकळून पिऊ नका

नाताळ जवळ आला की हा मेसेज पुन्हा फिरतो: ‘युरोपातले ड्रुइड पुजारी जिला सर्वरोगहारी मानायचे ती मिसलटो म्हणजेच आपलं बांडगूळ. जर्मनीत त्यावर कॅन्सर बरा करतात. आंब्यावरची मूठभर पानं उकळून उपाशीपोटी घ्या. बांडगूळ कधी तोडू नये, झाडाला बळ देतं.’ केमो चालू असलेल्या घरातून ‘परसातलं चालेल का?’ अशी विचारणा आल्यावर गप्प बसणं कठीण आहे.

नाही, चालणार नाही. मिसलटो म्हणजे व्हिस्कम आल्बम: सफरचंद, पॉप्लर, लिंडेनवर वाढणारी, पांढऱ्या चिकट फळांची. आपल्या आंब्यावर नारिंगी नळीसारख्या फुलांचं जे दिसतं ते बहुधा डेंड्रोफ्थो फाल्काटा, वेगळ्या कुळातलं. जर्मनीत मिसलटोचा तयार अर्क मोजून त्वचेखाली टोचतात, काढा पाजत नाहीत. कोक्रेन या उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २००८च्या आढाव्यात २१ चाचण्या तपासल्या. आयुष्य वाढतं याचा पुरावा कमकुवत निघाला. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत रुग्णांना थोडं बरं वाटत असावं, एवढं मान्य करतो. तेही पुन्हा तपासायला हवं, असं तिथेच म्हटलंय.

खरा धोका पुढे आहे. बांडगूळ फांदीत शोषमूळ घुसवून पाणी आणि क्षार ओढतं, आणि यजमान झाडाचं विषही त्यात उतरू शकतं. कुचल्यावरच्या बांडगुळात स्ट्रिक्निन सापडलंय, कण्हेरीवरच्यात हृदयावर घाला घालणारी द्रव्यं. वाळलेल्या पानांची पुडी आणलीत, तर ती कुठल्या झाडावरची हे कसं ओळखणार?

ड्रुइड? सोन्याच्या कोयत्यानं मिसलटो तोडणं, पांढरे बैल बळी देणं हे सगळं पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनं लिहिलंय. ओकच्या झाडावर मिसलटो क्वचितच सापडते हेही त्यानंच सांगितलं, आणि शेवटी असल्या क्षुल्लक गोष्टींवरच्या लोकांच्या श्रद्धेला टोमणा मारला. मेसेजमध्ये तेवढंच गाळलंय. नाताळात मिसलटोखाली चुंबन घेण्याच्या प्रथेचा प्लिनीकडे उल्लेखही नाही; ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात दिसू लागलेली चाल.

‘तोडू नये’? पानं हिरवी असल्यानं ते स्वतःचं अन्न काही प्रमाणात बनवतं, फुलांवर पक्षीही येतात, हे खरं. पण बळ देत नाही, घेतं; पुढची फांदी वाळते. नुसता पाला ओरबाडलात तर आतल्या मुळातून पुन्हा फुटतं. फांदीवर जिथे गाठ दिसते, तिच्यापासून खोडाकडे वीतभर सरकून फांदीच कापा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करा, एकूण पाणी १ लिटर. लोखंडी भांडं नको. ही बोर्डो पेस्ट कापावर लावा. बांडगुळाची फळं पिकण्याआधीच उरका, नाहीतर फुलटोचा पक्षी फळ खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसून मोकळा होतो.