‘खरखर कशाला ऐकता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

उत्तराला आठ दिवस लागले. सोयाबीन निघालं की आमच्याकडे हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याची घाई सुरू होते आणि जळालेल्या मोटरा घेऊन लोक सकाळी सातलाच दुकानापुढे उभे राहतात. वाइंडिंगमधून हात मोकळा झाला की मगच लिहिणं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या १९८२ सालच्या डेमो टेपवर, म्हणजे अल्बमआधी भरलेल्या कच्च्या कॅसेटवर, लिहिलं होतं. त्यावर दारव्ह्याकडच्या या भाऊंनी चांगलंच खडसावलं. तीच गाणी वर्षभरात नीट वाजवून अल्बमवर आली, मग खरखरीची टेप कशाला ऐकता? ही आवड नाही, ‘माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही’ असं मिरवणं आहे. कलावंतानं कच्चं म्हणून ठेवलेलं उकरणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं आहे. आणि कापसाला भाव नाही अशा मुलखात बसून, आपल्या मातीतलं सोडून, हे परदेशी केकाटणं कुणासाठी? शेवटी जाता जाता एक ओळ: ‘आमच्या आजोबांच्या खंजिरी भजनाची कॅसेट घरी पडून आहे, तिच्याकडे कुणी पाहत नाही.’

कापसाचं आधी उरकतो. भाव माझ्या ब्लॉगनं पडला नाही आणि मी लिहायचं थांबवल्यानं चढणारही नाही. तीन एकर माझंही आहे, यंदा काय हाती आलं ते मला माहीत आहे. दिवसभर त्याच विवंचनेत राहिलेल्या माणसानं रात्री अर्धा तास काय ऐकावं, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

मिरवण्याचं म्हणता, ते मात्र झोंबलं. कारण ते खरं आहे.

२००४ साली मी अमरावतीला होस्टेलवर होतो. पुण्याहून आलेल्या रूममेटकडे एक नव्वद मिनिटांची कॅसेट होती, तिच्यावर बॉलपेननं ‘नो लाइफ टिल लेदर’ लिहिलेलं. हीच ती डेमो टेप. कुणाकडून कुणाकडे भरत भरत त्याच्यापर्यंत आली होती, देव जाणे. मी ती सुट्टीत गावी नेली आणि मामाच्या दोन कॅसेटींच्या डबल डेकवर भरून घेतली. पुढं एका ज्युनिअरनं, धारणीकडचा पोरगा, माझ्याकडे ती मागितली. मी म्हणालो, ‘टेप गुंतली बे, खराब झाली.’ कॅसेट माझ्या ट्रंकेत होती, शर्टात गुंडाळलेली. दोन वर्षांनी त्या पोरानं इंटरनेटवरून तीच सातही गाणी उतरवून सीडी माझ्या हातात ठेवली. ‘सर, तुमची खराब झाली होती ना.’ टोमणा नव्हता त्यात. त्यामुळे जास्त लागलं.

म्हणजे तुमच्या आरोपाचा पुरावा मीच देतोय. पण पुढचंही ऐका. त्या सीडीनंतर माझी टेप दुर्मिळ राहिली नाही. २०१५ मध्ये तर मेटॅलिकानं स्वतःच ती कॅसेटवर पुन्हा काढली, वर ड्रमर लार्स उलरिकच्या हातच्या जुन्या अक्षरासकट. मिरवायचं कारणच संपलं. तरी मी ऐकायचं सोडलं नाही. मग नुसता मिरवण्याचाच भाग होता, तर तो कुठं गेला?

मला त्या टेपेत काय सापडतं ते एका गाण्यावरून सांगतो. डेमोवर एक गाणं आहे, ‘द मेकॅनिक्स’. तेव्हाच्या गिटारवाल्या डेव्ह मस्टेननं बँडमध्ये आणलेलं. शब्द पेट्रोलपंपावरचे, द्वयर्थी, होस्टेलच्या पोरांनी लिहावेत तसे. गाणं सुरू होतं ते पळतच सुटतं, मध्ये दम घेत नाही. एप्रिल १९८३ मध्ये बँडनं मस्टेनला काढलं, न्यूयॉर्कहून बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला परत पाठवलं. त्याच्या जागी कर्क हॅमेट आला. जुलैत ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम निघाला, त्यात तेच गाणं ‘द फोर हॉर्समेन’ झालं होतं. शब्द नवे, मध्ये एक संथ, सुरेल तुकडा घातलेला, लांबी सात मिनिटांच्या वर. तिकडे मस्टेननं मेगाडेथ उभा केला आणि १९८५ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमवर तेच गाणं जुन्या शब्दांनी आणि आणखी वेगानं वाजवलं. रागानं वाजवलं, असं मला दरवेळी वाटतं.

दोन्ही अल्बम माझ्याकडे आहेत. दोन्ही स्वच्छ आहेत, दोन्ही आवडतात. पण त्या दोघांत वाटणी झालेली आहे, मध्ये बांध पडलेला आहे. डेमोवर अजून ते एकच वावर आहे. मस्टेन आणि गायक जेम्स हेटफिल्ड एकाच खोलीत वाजवताहेत, या गाण्याचं पुढं काय होणार ते दोघांनाही माहीत नाही. नंतरचा बासवाला क्लिफ बर्टन अजून आलेला नाही, बास गिटार रॉन मॅकगव्हनी वाजवतोय. हेटफिल्डचा आवाजही अजून पिकलेला नाही, इथं तो कुठंकुठं किंचाळतो. तुम्ही म्हणता ‘तीच गाणी’. भाऊ, तीच नाहीत.

आणि क्रम तुम्ही उलटा धरलाय. अल्बम चांगला निघाला म्हणून लोक डेमो शोधत गेले, हे नंतरचं. आधी टेपच फिरली. लार्स स्वतः टपालानं कॅसेटी मागवणारा आणि पाठवणारा पोरगा होता. एकानं दुसऱ्याला एक टेप भरून द्यायची, त्यानं बदल्यात दुसरी भरून पाठवायची, पैशाचा व्यवहार नाही. अशी हातोहात जाता जाता टेप न्यू जर्सीतल्या बाजारात रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या जॉनी झझूलाकडे पोचली. त्यानं बँडला तिकडे बोलावून घेतलं आणि कोणतीच कंपनी हात लावेना म्हणून स्वतःच ‘मेगाफोर्स’ काढली. तुम्हाला आवडतो तो स्वच्छ अल्बम या खरखरीच्या जोरावर उभा आहे.

आता खरखरीचंच. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स पाहिली असेल तुम्ही. तिसऱ्या-चौथ्या कागदावर गट नंबर ओळखू येत नाही, काळे ठिपके मात्र वाढत जातात. कॅसेटचं तसंच आहे. टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण चिकटवलेले असतात, त्यांची स्वतःची सळसळ असते. दुसरीवर भरलं की पहिलीची सळसळ गाण्यासोबत जाते आणि दुसरीची वर चढते. मशीन सारख्या प्रतीची असली तरी प्रत्येक नव्या प्रतीला ती वाढतेच. त्यात एका डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, केसभर तिरपं असलं की झांजांचा आवाज आधी मरतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो कानानं ऐकत फिरवला की मेलेली झांज पुष्कळदा परत येते. मी मोटर बांधायला नंतर शिकलो, हा स्क्रू आधी शिकलो.

माझ्या प्रतीत आणखी एक गोष्ट आहे. मामाच्या घरी भरताना ‘सीक अँड डिस्ट्रॉय’ चालू होतं आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस, बटणं दाबलेलीच राहिली, वीस मिनिटांनी लाइट आली आणि दोन्ही चाकं परत फिरायला लागली. दोन्ही डेक एकाच वेळी मंदावले, एकाच वेळी सुरू झाले, त्यामुळे सूर घसरला नाही. नुसता ‘टक्’ असा आवाज आहे आणि अर्धा ठोका गिळलेला. २०१५ ची स्वच्छ प्रत ऐकतानाही त्या जागी माझा पाय अडखळतो. आमच्या गावची लाइट गेल्याची नोंद दुसऱ्या कुठल्या अल्बमवर मिळणार? (मामी त्या दिवशी विचारत होती, ‘काय लावलं बाप्पा, रेडिओ लागून नाही रायला का?’ तो आवाज टेपवर नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.)

आता डोकावण्याचं. इथं मी तुमच्याशी भांडणार नाही, निम्मं कबूल आहे. आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडनं ३० आणि ३१ डिसेंबर १९७८ ला केंब्रिजच्या स्टुडिओत चार गाणी भरली. लंडनमध्ये नील के नावाचा डीजे आपल्या ‘साउंडहाउस’ क्लबमध्ये ती वाजवायला लागला. पोरं मागायला लागली तेव्हा चारातली तीन घेऊन बँडनं नोव्हेंबर १९७९ मध्ये स्वतःच ‘द साउंडहाउस टेप्स’ काढली, पाच हजार प्रती, टपालानं. यात कोण कुणाच्या घरात डोकावलं? ज्याचं घर त्यानंच दार उघडलं.

पण २००० साली उलटं झालं. मेटॅलिकाचं एक गाणं एका सिनेमासाठी तयार होत होतं. त्याची अर्धवट प्रत बाहेर फुटली, रेडिओवर वाजली, इंटरनेटवर फुकट गाणी देण्याघेण्याच्या नॅपस्टरवर फिरली, आणि बँडनं नॅपस्टरला कोर्टात खेचलं. तेव्हा आम्ही पोरं लार्सला शिव्या देत होतो: टपालानं टेपा फिरवून मोठा झाला आणि आता दार लावतो! आज मला ते तेवढं सोपं वाटत नाही. १९८२ ची टेप त्यांनी स्वतः वाटली होती, २००० ची त्यांच्या टेबलावरून गेली होती. मेलेल्या वादकाच्या खोलीतून सापडलेल्या, त्यानं कुणाला न दिलेल्या टेपा मी ऐकतो का? ऐकतो. ऐकताना अवघडतो का? थोडा. यापुढं माझ्याकडे उत्तर नाही.

‘आपल्या मातीतलं सोडून’ असं जे तुम्ही लिहिलंत, त्यावर मात्र बोलायलाच हवं. खरखरीतून ऐकायची सवय मला लार्सनं लावली नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाची जुनी ध्वनिफीत आहे, त्यांच्या शेवटच्या दिवसांतली. बाबा प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात. आमच्या घरी ती दरवर्षी पुण्यतिथीला लागायची. त्याच कीर्तनाचं कुणा नटाच्या आवाजातलं, स्टुडिओत भरलेलं, एकही ठिपका नसलेलं रेकॉर्डिंग मी एकदा आईला ऐकवलं. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, ‘हे बाबा नाईत, बंद कर.’ तुलना थोडी ताणलेली आहे, कळतं मला. बाबांचं कीर्तन काही कशाचा कच्चा खर्डा नव्हता. पण आवाज मळलेला असला तरी माणूस त्यातच आहे, म्हणून तोच ऐकायचा, हे आई मला मेटल ऐकायच्या कितीतरी आधी शिकवून बसली होती.

आणि आता तुमच्या आजोबांची कॅसेट. खरं तर सगळ्या प्रतिक्रियेत मला तीच ओळ दिसली.

ती उचलून लगेच डेकमध्ये घालू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुरी दिसली तर बुरशी आहे, तशीच वाजवली तर हेडला लागेल आणि तिथून दुसऱ्या कॅसेटींना. मग ती कोरड्या सावलीत ठेवा, उन्हात नाही. आपल्याकडचं ऊन म्हणजे प्लास्टिक वाकवणारं. भुरी नसेल तर कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात त्या तपासा. खाच प्लास्टिकनं झाकलेली असेल तर ते पातं मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी त्यावर काही भरणार नाही. खाचेवर कुणी चिकटपट्टी लावलेली असेल, तर मात्र मन घट्ट करा. आमच्याकडच्या एका भजनी मंडळाच्या तीन कॅसेटींवर कुणीतरी असंच चिकटपट्टी लावून लग्नाच्या वरातीची गाणी भरली होती. तिसरीच्या शेवटी सव्वा मिनिट भजन उरलं होतं.

मग उघड्या बाजूला मधोमध पाहा, टेपच्या मागे तांब्याच्या पत्तीवर फेल्टचा एक छोटा तुकडा असतो. इतक्या वर्षांत त्याचा गोंद सुकून तो पडलेला असतो, आणि लोक म्हणतात कॅसेट गेली. कॅसेट गेलेली नसते, टेप फक्त हेडला नीट टेकत नाही. पेन्सिलनं चाक चार-सहा वेढे हळू फिरवून बघा, अडकलं तर जोर लावू नका. कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून पाच स्क्रू असतील तर खोळ बदलता येते, ते काम माझं. स्क्रू नसतील, चिकटवलेली असेल, तर कापावी लागते, तेही करतो. पैशाचा विषय नाही, टेपेच्या बदल्यात टेप या जुन्या रिवाजानं मला एक प्रत द्या म्हणजे झालं.

दारव्ह्याहून आर्णी काही लांब नाही. मंगळवार सोडून कधीही या, मंगळवारी मी यवतमाळला तांब्याची तार आणायला जातो. आणि भजन सुरू व्हायच्या आधीचा भाग कापू नका असं घरी सांगून ठेवा. खंजिरी शेकायची राहिली आहे, कुणी खोकतंय, कुणी विचारतंय ‘चालू झाला का रे टेप?’, तेवढं सगळं मला पाहिजे.